खड्यातली चमक ग्रहाची नव्हे, प्रकाशाची!

आपल्या समाजातील कितीतरी घरांत आज तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा आहेत. दारावर पंचशील ध्वज आहे. सकाळ-संध्याकाळ त्रिसरण पंचशील म्हटले जाते. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच घरातल्या कर्त्या माणसाच्या बोटाकडे पाहिले तर कधी कधी तिथे राशीचा खडा चमकताना दिसतो. कुणाला साडेसाती सांगितलेली असते, कुणाच्या मुलीचे लग्न अडलेले असते, कुणाची कंपनी बंद पडलेली असते. माणूस अडचणीत सापडला की खडा विकणारा बरोबर त्याच्या दारात येतो. मग घरचा किराणा उधार राहतो, पोराची वह्या-पुस्तके पुढच्या महिन्यावर जातात आणि अंगठीत नीलम नाहीतर पुष्कराज बसतो.

खडा घालू नका असे आम्ही केवळ दटावून सांगणार नाही. दटावण्याने अंधश्रद्धा जात नाही, ती लपते. खड्यात जी चमक दिसते, जे रंग उमटतात, ते नेमके कुठून येतात हेच आज आपण मुळापासून पाहू. मूळ समजले की भीती आपोआप गळून पडते. आणि दहावीला बसलेल्या आपल्या मुलामुलींना हाच धडा विज्ञानाच्या पुस्तकात आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी!

हातगाडीचे एक चाक वाळूत

प्रकाश मोकळ्या अवकाशात सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. पण पाण्यात शिरला की त्याचा वेग सव्वादोन लाखांवर येतो. काचेत तो जवळपास दोन लाख होतो आणि हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही थोडा खाली उतरतो. मोकळ्या अवकाशातला वेग हा त्या पदार्थातल्या वेगाच्या किती पट आहे, त्या आकड्याला शास्त्रज्ञ अपवर्तनांक म्हणतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या काचेचा १.५२, हिऱ्याचा २.४२. आकडा मोठा, तेवढा प्रकाश मंद.

वेग कमी झाल्याने प्रकाश वाकतो कसा? डांबरी रस्त्यावरून हातगाडी ढकलणाऱ्या आपल्या बांधवाला हे पुस्तकाशिवाय कळते. गाडी तिरकी जाऊन रस्त्याकडेच्या वाळूत शिरली, तर जे चाक आधी वाळूत जाते ते आधी मंदावते. दुसरे चाक अजून डांबरावर जोरात असते. साहजिकच गाडीचे तोंड वळते. प्रकाश तिरका काचेत शिरतो तेव्हा असेच होते. बादलीतल्या पाण्यात बुडालेली काठी मोडल्यासारखी दिसते, त्याचेही हेच कारण.

सगळे रंग सारखे मंदावत नाहीत

आता खरी गंमत. सूर्याचा पांढरा प्रकाश हा एकच रंग नसून अनेक रंगांचे मिश्रण आहे. शाळेत आपण 'तानापिहिनिपाजा' घोकले आहे: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी वेगळी. तांबड्या रंगाची लाट लांब, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सुमारे सातशे भाग. जांभळ्याची लाट आखूड, सुमारे चारशे भाग.

मोकळ्या अवकाशात हे सारे रंग अगदी एकाच वेगाने धावतात. तिथे लहान-मोठा भेद नाही. पण काचेत शिरले की फरक पडतो. साध्या काचेचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशासाठी १.५१ असतो, तर जांभळ्यासाठी १.५३. पाण्यात तांबड्यासाठी १.३३, तर जांभळ्यासाठी १.३४. फरक अगदी थोडा, दुसऱ्या दशांश स्थळावरचा. पण त्या एवढ्याशा फरकामुळे आकाशात इंद्रधनुष्य उमटते! जांभळा जास्त मंदावतो म्हणून जास्त वाकतो, तांबडा कमी मंदावतो म्हणून कमी वाकतो, आणि एकत्र आलेले रंग पांगतात. यालाच प्रकाशाचे अपस्करण म्हणतात.

मग खिडकीच्या काचेतून रंग का दिसत नाहीत, असा प्रश्न चौकस मुलगी विचारीलच. खिडकीच्या काचेच्या दोन्ही बाजू समांतर असतात. एका बाजूने शिरताना रंग जेवढे वळतात, तेवढेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना उलट वळतात आणि पुन्हा एका दिशेने चालू लागतात. लोलकाच्या, म्हणजे तिकोनी काचेच्या, बाजू समांतर नसतात. म्हणून तिथे पांगलेले रंग पांगलेलेच बाहेर येतात.

पाळण्याची लय

जांभळ्यानेच जास्त का मंदावावे? याचे उत्तर काचेच्या पोटात आहे. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आहे आणि अणूत इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण बांधलेले असतात. प्रकाशाची लाट आली की ती या कणांना हलवते. हललेले कण स्वतःही लाट सोडतात. मूळची लाट आणि ही नवी लाट मिसळून जी एकत्र लाट पुढे जाते, ती रेंगाळत जाते.

आता पाळणा आठवा. प्रत्येक पाळण्याची स्वतःची एक लय असते. आईने त्या लयीच्या जवळपास हिसके दिले तर पाळणा मोठा झोका घेतो. लयीपासून फार दूर, फार सावकाश हिसके दिले तर तो जेमतेम हलतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनची स्वतःची लय फार जलद, जांभळ्याच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांच्या लयीची आहे. आपल्याला दिसणाऱ्या रंगांत जांभळा तिच्या सर्वांत जवळचा. म्हणून त्याच्या हिसक्यांना इलेक्ट्रॉन जास्त साथ देतात आणि जांभळा जास्त रेंगाळतो. तांबडा त्या लयीपासून दूर, म्हणून तो बराचसा सुटून जातो.

हा देवाचा नियम नव्हे, पदार्थाचा आहे. म्हणूनच पदार्थ बदलला तर क्रमही बदलू शकतो. डेन्मार्कच्या क्रिस्टियान्सेन यांनी १८७० साली फुक्सिन नावाच्या गडद लाल-जांभळ्या रंगद्रव्याच्या द्रावणात पाहिले की तिथे रंगांचा नेहमीचा क्रमच उलटापालटा होतो. कारण त्या द्रव्यातल्या इलेक्ट्रॉनची लय दिसणाऱ्या रंगांच्या मधोमध येते. कारण असेल तर कार्य घडते, कारण बदलले तर कार्य बदलते. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव आपण रोज ऐकतो. तो अशा प्रयोगांतून डोळ्यांनी पाहताही येतो.

श्रीमंतांची सेवा करून शिकलेला विद्यार्थी

पांढऱ्या प्रकाशात सारे रंग आधीपासूनच असतात, हे प्रयोगाने पटवून दिले आयझॅक न्यूटन यांनी. १६४२ सालच्या डिसेंबरात एका इंग्रज शेतकऱ्याच्या घरी हा मुलगा जन्मला. बाप त्याच्या जन्मापूर्वीच वारला होता. त्या बापाला स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. १६६१ साली न्यूटन केंब्रिजला गेले ते श्रीमंत विद्यार्थ्यांची सेवाचाकरी करून शिकणारा गरीब विद्यार्थी म्हणून. १६६५ साली प्लेगची साथ आली, विद्यापीठ बंद पडले आणि ते गावी परतले. त्याच सुमाराच्या वर्षांत त्यांनी प्रकाशाचा अभ्यास मनावर घेतला.

तोवर विद्वानांची समजूत अशी होती की पांढरा प्रकाश शुद्ध असतो, काच त्याला मळवते आणि म्हणून रंग दिसतात. न्यूटन यांनी खोली अंधारी केली, खिडकीच्या फळीला लहान भोक पाडले, त्यातून येणारा ऊन्हाचा कवडसा लोलकातून नेऊन बावीस फुटांवरच्या भिंतीवर पाडला. भोक गोल, पण भिंतीवरचा रंगीत पट्टा रुंदीच्या पाचपट लांब! मग त्यांनी त्यातला एकच रंग निवडला आणि दुसऱ्या लोलकातून नेला. काच जर प्रकाशाला मळवत असेल तर या रंगाने पुन्हा बदलायला हवे होते. तो बदलला नाही. तांबडा तांबडाच राहिला, निळा निळाच राहिला आणि पहिल्या खेपेला जो जास्त वाकला होता तो दुसऱ्या खेपेलाही जास्तच वाकला. १६७२ साली त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले.

शुद्ध आणि मळलेले या कल्पना माणसांच्या डोक्यातून आलेल्या असतात. निसर्गाला विटाळ ठाऊक नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता अंगठीकडे वळू

हिरा एवढा झगमगतो तो का? पहिले कारण त्याचा मोठा अपवर्तनांक, २.४२. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश सहजी बाहेर पडू शकत नाही. पैलू नीट पाडलेले असतील तर तो आतल्या आत आपटत राहतो आणि वरच्या बाजूने बाहेर येतो. दुसरे कारण म्हणजे अपस्करण. हिऱ्याचा अपवर्तनांक तांबड्यासाठी २.४१, तर जांभळ्यासाठी २.४५. हा फरक साध्या काचेतल्या फरकाच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणून हिरा हलवला की कधी तांबडी, कधी निळी ठिणगी दिसते. ती ठिणगी सूर्याच्या किंवा घरातल्या बल्बच्या प्रकाशाची आहे. अंधारात हिरा ठेवा, ना ठिणगी ना शुक्र!

बाजारात ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात तो खडा कारखान्यात बनतो. १९७०च्या दशकात तो मोठ्या प्रमाणावर बाजारात आला. त्यात तांबड्या आणि जांभळ्यामधला फरक हिऱ्यापेक्षाही जास्त आहे, म्हणून त्याच्या रंगीत ठिणग्या हिऱ्याहूनही भडक असतात. खड्यातल्या रंगीत तेजात ग्रहाची शक्ती असते असे म्हणायचे, तर मग अस्सल हिऱ्यापेक्षा भट्टीतल्या या स्वस्त खड्यात ती जास्त मानावी लागेल! याला खडेवाल्याकडे उत्तर नाही.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्योतिषी सांगतात, माणिक रवीचे, पिवळा पुष्कराज गुरूचा, नीलम शनीचा. रवी आणि शनी तर एकमेकांचे वैरी! पण प्रयोगशाळेत हे तीनही खडे तपासले तर काय दिसते? माणिक, नीलम आणि पिवळा पुष्कराज म्हणून विकला जाणारा अस्सल खडा, ही तिन्ही एकाच खनिजाची रूपे आहेत. त्या खनिजाला कुरुंद म्हणतात. ते म्हणजे अॅल्युमिनियम आणि प्राणवायू यांचे संयुग. आपल्या घरातल्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यातलाच तो धातू. तिघांचाही अपवर्तनांक एकच, सुमारे १.७६ ते १.७७. क्रोमियमचा लेश मिसळला की लाल माणिक होते, लोखंड आणि टायटॅनियमचा लेश मिसळला की निळा नीलम होतो, नुसत्या लोखंडाच्या लेशाने पिवळा होतो. मग एकाच दगडाने कण-दोन कणांच्या फरकामुळे कधी रवीची, कधी गुरूची, कधी शनीची बाजू घ्यावी काय? आमच्या माता-भगिनींनी हा प्रश्न दारात आलेल्या खडेवाल्याला जरूर विचारावा.

आणि हे आम्ही आजच सांगतो आहोत असे नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी भिक्खूंसाठी हीन ठरवलेल्या विद्यांची यादी आहे. त्यात रत्नांची शुभाशुभ लक्षणे सांगून पोट भरणे आहे आणि चंद्र-सूर्याच्या ग्रहणांची फळे वर्तवणेही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे बुद्धांनी नाकारले, त्यासाठी आज आपण घामाचा पैसा मोजावा, ही गोष्ट मनाला लागली पाहिजे.

न्यूटनची चूक काढणारा विणकर

काचेच्या या गुणाने दुर्बीण करणाऱ्यांना फार छळले. भिंग म्हणजे एका अर्थी गोलाकार लोलकच. ते निळा प्रकाश जवळ एकवटते, तांबडा जरा दूर. म्हणून ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसे. न्यूटन यांनी असा निष्कर्ष काढला की हा दोष भिंगांच्या दुर्बिणीतून जाणे शक्य नाही, आणि आरशाची दुर्बीण बनवली. न्यूटनसारख्या महापुरुषाने सांगितले म्हटल्यावर बहुतेकांनी मान डोलावली.

पण लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात जॉन डॉलंड नावाचा एक रेशीम विणकर होता. धर्मावरून होणाऱ्या छळामुळे फ्रान्समधून परागंदा झालेल्या विणकरांच्या घरात तो जन्मला. हातमागावर काम करता करता त्याने स्वतःच्या बळावर गणित आणि प्रकाशशास्त्र शिकून घेतले. १७५२ साली माग सोडून तो मुलाच्या चष्मे-दुर्बिणींच्या धंद्यात आला. आरंभी त्याचाही न्यूटनवर विश्वास होता. मात्र स्वीडनचे गणिती क्लिंगेनस्टिएर्ना यांनी शंका काढल्यावर त्याने स्वतः प्रयोग करून पाहायचे ठरवले. त्याला आढळले की सगळ्या काचा रंग सारखे पांगवत नाहीत. शिसे घातलेली जड काच प्रकाश साध्या काचेपेक्षा थोडाच जास्त वाकवते, पण रंग मात्र जवळपास दुप्पट पांगवते. मग त्याने साध्या काचेचे फुगीर भिंग घेतले आणि त्याला जड काचेचे खोलगट भिंग जोडले. एकाने पांगवलेले रंग दुसऱ्याने गोळा केले, तरीही प्रकाश एकवटण्याचे काम शिल्लक राहिले. १७५८ साली त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि त्याच वर्षी त्याला सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. चेस्टर मूर हॉल नावाच्या एका वकिलाने असे भिंग त्याच्या आधी, १७३०च्या सुमारास, करून घेतले होते, पण त्याने ते जगापुढे मांडले नव्हते.

अशा जोडभिंगांमुळे सूक्ष्मदर्शकातली रंगीत धूसरता गेली. दवाखान्यात थुंकी तपासून क्षयाचे जंतू शोधतात, त्या साध्या सूक्ष्मदर्शकातही याच तत्त्वाची भिंगे असतात.

ही कथा वाचताना आपल्याला आपल्याच वाडवडिलांची आठवण होणे साहजिक आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी राबली. पण त्यांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या चांगल्या पगाराच्या खात्यात, घेत नसत. कारण धोट्यातून धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. लंडनचा विणकर शिकला, त्याला माग मिळाला, पदक मिळाले. आमच्या माणसाच्या हातात मागच येऊ दिला नाही. बुद्धीची वानवा नव्हती, वाट अडवलेली होती. म्हणून आज जी वाट मोकळी झाली आहे, तिच्यावर आपली मुले चालली पाहिजेत.

ढिगाऱ्याखालून निघालेला पोर

दुसरी कथा जर्मनीतल्या बव्हेरियाची. योसेफ फ्राउनहोफर हा खिडक्यांना काचा बसवणाऱ्या कारागिराचा मुलगा. अकराव्या वर्षी आई-बाप दोघेही नव्हते. म्युनिकला एका आरसेवाल्याकडे त्याला बिनपगारी उमेदवारीला ठेवले. मालकाला त्याचे पुस्तक वाचणे खपत नसे. १८०१ साली ते घर कोसळले आणि चौदा वर्षांचा हा पोर काही तास ढिगाऱ्याखाली अडकला. जिवंत बाहेर काढल्यावर तिथल्या राज्यकर्त्याने त्याला थोडे पैसे दिले. त्या पैशांतून त्याने काय घेतले? काच घासण्याचे यंत्र आणि पुस्तके! उरलेल्या उमेदवारीतून सुटकाही त्याने त्याच पैशांत विकत घेतली.

पुढे तो काच बनवण्यात निष्णात झाला. चांगले जोडभिंग करायचे तर कोणती काच कोणता रंग किती वाकवते हे नेमके मोजावे लागते. अडचण अशी की रंगाला हद्द नसते. हिरवा कुठे संपला आणि निळा कुठे सुरू झाला, हे कोण ठरवणार? १८१४ साली सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात त्याला शेकडो बारीक काळ्या रेघा दिसल्या. त्या हलत नव्हत्या, रोज त्याच जागी होत्या. त्याने पाचशेहून अधिक रेघांचा नकाशा केला आणि ठळक रेघांना अक्षरे दिली. आता रंग मोजायला पक्क्या खुणा मिळाल्या. प्रत्येक खुणेपाशी काचेचा अपवर्तनांक मोजता येऊ लागला. १८२६ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने त्याचा अंत झाला. पण त्या रेघा आजही जगभर फ्राउनहोफरच्या नावाने ओळखल्या जातात.

ग्रहणात काय करावे?

१८५९ साली किरखॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची रेघ असते, जणू अंगठ्याचा ठसाच. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. आंध्रातल्या गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश यंत्रातून पाहिला आणि त्यात त्यांना तेजस्वी रेघा दिसल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी ग्रहणाशिवायच त्या ज्वाळांचा अभ्यास केला. त्यातली एक पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना. लॉकयर यांनी त्या नव्या मूलद्रव्याला सूर्यावरून हेलियम नाव दिले. १८९५ साली विल्यम रॅमसे यांना ते पृथ्वीवर सापडले.

ज्या ग्रहणात आपल्याकडे गरोदर बाईला अंधारात कोंडायचे, भाजी चिरू द्यायची नाही, पाणी पिऊ द्यायचे नाही, त्याच ग्रहणाकडे डोळसपणे पाहणाऱ्यांनी सूर्याचे गुपित उलगडायला घेतले. आता पुढे ग्रहण येईल तेव्हा घरातल्या लेकी-सुनांना उपाशी कोंडू नका. योग्य सौर चष्मा लावून सर्वांनी ते पाहावे. उघड्या डोळ्यांनी मात्र सूर्याकडे कधीही पाहू नये.

उसाच्या फडातला आकडा

हा विषय केवळ दुर्बिणीवाल्यांचा नाही. उसात साखर किती भरली हे पाहायला रसाचे दोन थेंब एका लहान नळीसारख्या उपकरणावर ठेवून डोळ्याला लावतात आणि आकडा वाचतात. त्याला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. द्राक्षांच्या मळ्यातही ते वापरतात. साखर वाढली की रसाचा अपवर्तनांक वाढतो. शुद्ध पाण्याचा १.३३३, तर शंभर भागांत वीस भाग साखर असेल तर १.३६४. पण अपवर्तनांक रंगागणिक बदलतो, मग कोणत्या रंगाने मोजायचे? त्यासाठी जगाने सोडियमचा पिवळा प्रकाश ठरवला आहे. फ्राउनहोफरने ज्या पिवळ्या रेघेला 'डी' म्हटले, तीच ही जागा. अनाथ कारागिराची खूण आज ऊसतोड कामगाराच्या घामाचा गोडवा मोजते आहे.

घरी करून पाहा

खर्च काही नाही. एका पसरट परातीत पाणी घ्या. तिच्यात लहान आरसा तिरका टेकवून ठेवा, असा की त्याचा खालचा भाग पाण्यात बुडेल. खिडकीतून येणारे सकाळचे ऊन पाण्यातल्या आरशावर पडू द्या. समोर पांढरा कागद धरून आरसा सावकाश हलवा. कागदावर तानापिहिनिपाजाचा पट्टा उमटेल. पाणी आणि आरसा मिळून इथे लोलकाचे काम करतात. आरशातल्या सूर्याकडे कुणी पाहू नये, कागदाकडेच पाहावे. लहान मुलांपाशी मोठ्या माणसाने बसावे.

पावसाळ्यात इंद्रधनुष्यही नीट पाहायला शिकवा. ते नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला दिसते, म्हणून सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला. बाहेरची कड तांबडी, कारण तांबडा प्रकाश सुमारे ४२ अंशांच्या कोनात येतो. आतली कड जांभळी, तिचा कोन सुमारे ४० अंश. सूर्य ४२ अंशांहून वर गेला की जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही. म्हणून ते भर दुपारी सहसा आढळत नाही. त्यात शकुन नाही, अपशकुनही नाही.

येथे एक सावधानतेचा शब्द. काही उत्साही बांधव पंचशील ध्वजाचे रंग आणि प्रकाशाचे रंग यांची सांगड घालून धर्मात विज्ञान आधीच होते असे भाषणात सांगतात. १८८५ साली श्रीलंकेत आकाराला आलेल्या त्या ध्वजाच्या रंगांना आपापला नैतिक अर्थ आहे आणि तो पुरेसा थोर आहे. त्याला भौतिकशास्त्राचा आधार शोधायची गरज नाही. दुसऱ्यांच्या पोकळ दाव्यांवर आपण टीका करतो, तेव्हा आपले दावेही तपासून घ्यावेत.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. डॉलंडने न्यूटनच्या बाबतीत हेच केले. त्याने न्यूटनचा अनादर केला नाही, फक्त काच हातात घेऊन तपासून पाहिले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्या खांद्यावरचे जुने ओझे उतरवले. ते अंगठीच्या रूपाने पुन्हा बोटात घालू नका. खड्याचे पैसे वाचवून मुलांना काचेचा लोलक, एक भिंग, विज्ञानाचे एखादे चांगले पुस्तक घेऊन द्या. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांसाठी ठेवा. परात, आरसा आणि ऊन प्रत्येक वस्तीत आहे. दहावी-बारावीची मुले लहानांना शिकवतील, शिकवता शिकवता त्यांचाही धडा पक्का होईल. शाळेतल्या प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असेल तर पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे आणि ते उघडायला लावावे. तो आपल्या मुलांचा हक्क आहे.

आणि दारात खडेवाला आलाच, तर त्याला प्रेमाने बसवावे, पाणी द्यावे आणि घरातल्या शाळकरी मुलीला पुढे करावे. माणिक, पुष्कराज आणि नीलम यांचा अपवर्तनांक एकच कसा, एवढेच तिने विचारावे. जयभीम!